पाण्याची साक्ष

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी दरवर्षी साहित्यातला माणूस बोलावण्याची आपली पद्धत. यंदा प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तराला बोलावले, याबद्दल आधी आभार मानतो. विषय मी मासे हा निवडला आहे. गोव्यात माशांवर बोलायला पदवी लागत नाही. समोरच्या प्रत्येकाला माझ्याइतकेच, कदाचित जास्तच कळते. पण मी आज ज्या माशांबद्दल बोलणार आहे ते आपल्या ताटात येत नाहीत, आणि बऱ्याचदा डोळ्यांनाही दिसत नाहीत. ते पाण्यात आहेत की नाहीत हे आता पाण्यालाच विचारता येते. ते कसे, आणि त्या उत्तराचे आपण काय करायचे, एवढेच मला सांगायचे आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. प्रयोगशाळेत काचेची एक टाकी होती. तिच्यात थोडे गप्पी, दोन गोल्डफिश आणि काचेवरचे शेवाळ खातो म्हणून दुकानातून आणलेला चार बोटे लांबीचा एक सकर. एप्रिल संपत आला, शाळेला सुटी लागणार, टाकीतल्या माशांना खायला कोण घालणार असा प्रश्न पडला. मी सगळे मासे बादलीत घेतले आणि आठवीच्या मुलांसह गावच्या तळ्यावर गेलो. पाण्यात उतरून बादली कलती केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परतताना मी त्यांना भूतदयेवर चार वाक्ये ऐकवली. एका मुलीने त्यावर शाळेच्या हस्तलिखितासाठी निबंध लिहिला. मी तिला दहापैकी नऊ गुण दिले.

पुढे मी महाविद्यालयात गेलो आणि ही गोष्ट विसरलो. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तळ्यात पाग टाकणारा एक शेजारी दारात आला. पागात हातभर लांबीचा, काळपट, अंगावर हाडांचे चिलखत घातल्यासारखा मासा अडकला होता. “मास्तर, हें कसलें नुस्तें?” त्याने विचारले. मी पाहताक्षणी ओळखले. तोच सकर. चार बोटांचा हातभर झालेला.

या माशाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत. त्याच्या कल्ल्यांजवळच्या पंखांना टणक काटे असतात. जाळ्यात गुंतला की मासा काढण्यापेक्षा जाळे कापणे सोपे पडते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो वरची हवा गिळून जगतो. अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत बिळे कोरतो, त्यामुळे बांध भुसभुशीत होतात. आपल्याकडे त्याला कुणी खात नाही आणि बाजारात मोल नाही. शेजाऱ्याने मला हिशेब सांगितला: अर्धा दिवस जाळे विणण्यात जातो, आणि हाती जे लागते ते कुत्रेही खात नाही. मी मान डोलावली. बादलीची गोष्ट मात्र त्या दिवशी त्याला सांगितली नाही.

आता तुम्ही विचाराल, तळ्यात असे किती आहेत हे जाळे टाकून का मोजत नाहीत? मोजतात. पण जाळ्यात मासा सापडला तर तो आहे एवढे कळते. सापडला नाही तर काहीच कळत नाही. नवा जलचर एखाद्या पाण्यात शिरतो तेव्हा संख्येने थोडा असतो आणि नेमका तेव्हाच तो जाळ्यात येत नाही. जाळ्यात येऊ लागतो तोवर त्याला हटवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

ती वेळ साधली तर काय होते याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. १९९९च्या मार्चमध्ये डार्विन शहराच्या नौकाबंदरात पाणबुड्यांना एक परका शिंपला आढळला. हा मूळचा मध्य अमेरिकेकडचा. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या बंदरात तो १९६७ साली नोंदला गेला आणि पुढे मुंबईतही पोहोचला. डार्विनमध्ये त्याच्या सहा महिने आधीच्या पाहणीत तो नव्हता. तिथल्या सरकारने बंदराची दारे बंद केली, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडले आणि काही आठवड्यांत तो शिंपला नाहीसा केला. त्यासोबत त्या कोंडलेल्या पाण्यातले इतरही पुष्कळ जीव मेले. तरी तो पुढच्या किनाऱ्यावर पसरला नाही. मुरगावच्या धक्क्याला लागणारी जहाजे पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायला नको की बंदरातून काय काय येऊ शकते. तोल राखण्यासाठी जहाजाच्या पोटात भरलेले पाणी एका समुद्रातले जीव दुसऱ्या समुद्रात नेऊन ओतते. त्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला.

म्हणजे प्रश्न लवकर कळण्याचा आहे. इथे डीएनए कामाला येतो.

प्रत्येक जीव आपल्या वावराची खूण मागे टाकतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव, गळालेला खवला, विष्ठा, अंडी, या सगळ्यांतून त्याच्या पेशी पाण्यात मिसळतात आणि पेशींत डीएनए असतो. मासा दिसो न दिसो, त्याचे हे धागे पाण्यात काही दिवस, कधी काही आठवडे टिकतात. कडक ऊन, उष्णता आणि सूक्ष्मजंतू त्यांचे तुकडे करतात. शास्त्रज्ञ एक-दोन लिटर पाणी घेतात, अतिशय बारीक छिद्रांच्या कागदातून गाळतात, आणि कागदावर राहिलेल्या गाळातून डीएनए वेगळा काढतात.

पण त्यात तळ्यातल्या सगळ्यांचाच डीएनए असतो: बेडकाचा, शेवाळाचा, पाणी पिऊन गेलेल्या म्हशीचा, पाणी भरणाऱ्याचाही. त्या गर्दीतून एकाच माशाचा धागा शोधायचा तर त्याची नक्कल करून तो वाढवावा लागतो. ही नक्कल करण्याची रीत कॅरी मलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८३ साली शोधली. १९९३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हव्या त्या माशाच्या डीएनएलाच चिकटतील असे दोन लहान तुकडे तयार करतात. ते चिकटले तर नक्कल सुरू होते, नाही चिकटले तर होत नाही. दर फेरीला धाग्यांची संख्या दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एका धाग्याचे शंभर कोटींहून अधिक धागे होतात. बुद्धिबळाच्या पटावर दाणे ठेवण्याची गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. हा तोच हिशेब.

उपऱ्या जलचरांच्या शोधासाठी ही रीत पहिल्यांदा गाजली ती फ्रान्समध्ये. तिथल्या तळ्यांत अमेरिकेतून आलेला एक दांडगा बेडूक शिरला होता. केवळ तळ्याच्या पाण्यावरून तो ओळखता येतो असे तिथल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. आपल्या देशातही हे काम होते आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच सकर माशाचा माग पूर्व घाटातील पाणवठ्यांत अशाच रीतीने घेतला आणि तपासलेल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी तो पोहोचल्याचे त्यांना दिसले.

पण या रीतीची खरी परीक्षा झाली ती शिकागोत, आणि ती कथा मला आज तुमच्यापुढे ठेवायची आहे, कारण तिच्यात विज्ञानाइतकाच शब्दांचाही प्रश्न आहे.

शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले. शहराची घाण नदीवाटे सरोवरात जाई, आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून येई. म्हणून त्यांनी मोठा कालवा खणून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. घाण मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळली. पण त्यामुळे निसर्गाने वेगळी ठेवलेली दोन पाणी एकमेकांना जोडली गेली. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या आर्कान्सा राज्यात तळी स्वच्छ ठेवण्यासाठी आशियातून काही मासे आणले. त्यात आपला चंदेऱ्या, म्हणजे सिल्व्हर कार्प, होता. तळ्यांतून ते निसटले, मिसिसिपीत शिरले आणि वर सरकत शिकागोच्या दिशेने निघाले. हा मासा पाण्यातले सूक्ष्म अन्न खातो, जे इतर माशांच्या पिल्लांचे अन्न असते. मोटारबोटीच्या आवाजाने बिथरून तो पाण्याबाहेर उंच उड्या मारतो. बोटीतल्या माणसांना दुखापती झाल्या आहेत.

सरोवरात तो जाऊ नये म्हणून कालव्यात वीजप्रवाहाचा अडथळा २००२ साली सुरू झाला. २००९ साली नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी अडथळ्यापलीकडचे, सरोवराच्या बाजूचे पाणी तपासले. त्यात या माशांचा डीएनए मिळाला. मासा मात्र तिथे कुणी पकडला नव्हता.

मग गदारोळ झाला. शेजारच्या राज्यांनी कालव्याची दारे बंद करा म्हणून न्यायालयात धाव घेतली. जहाजवाहतुकीच्या लोकांनी विचारले, मासा कुठे आहे? पाण्याच्या बाटलीवरून आमचा धंदा बंद करणार का? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१०मध्ये दारे तातडीने बंद करण्यास नकार दिला. त्याच वर्षी जूनमध्ये अडथळ्यापलीकडे, कॅल्युमेट तलावात, एका मच्छीमाराच्या जाळ्यात याच कुळातला, बिगहेड नावाचा एक मोठा मासा सापडला. म्हणजे पाणी खरे बोलले होते का? पूर्ण नाही. पुढच्या तपासात असेही दिसले की जिवंत मासा नसतानाही डीएनए येऊ शकतो: मालवाहू बोटीवर पडलेल्या मेलेल्या माशातून, मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून, शहराच्या सांडपाण्यातून. पाणी साक्ष देते, पण ती कशाची हे माणसालाच तपासून घ्यावे लागते. किती मासे, जिवंत की मेलेले, आजचे की गेल्या आठवड्यातले, हे ते सांगत नाही.

आता पुन्हा गावच्या तळ्याकडे येतो.

ज्या मुलीने तो निबंध लिहिला होता ती पुढे रेणवीय जीवशास्त्र शिकली आणि परराज्यात एका प्रयोगशाळेत काम करते. चतुर्थीला घरी आली तेव्हा मी तिला सकरची हकीकत सांगितली. ती म्हणाली, “सर, उन्हाळ्यात येते तेव्हा पाणी घेऊ.” आणि खरोखर आली. पहाटे आम्ही तळ्यावर गेलो. तिच्याजवळ चार बाटल्या होत्या. तीन तळ्यासाठी, चौथीत प्रयोगशाळेतले शुद्ध पाणी भरलेलेच होते. ती बाटली तिने काठावर उघडली, थोडा वेळ ठेवली आणि पुन्हा बंद केली. मी थट्टेने म्हटले, एवढ्या लांबून पाणी आणून त्याला तळे दाखवलेस! ती हसली नाही. म्हणाली, “सर, हिच्यात काही सापडलं तर बाकीच्या तिन्ही खोट्या धरायच्या.”

तेवढ्यात आमचा पागवाला शेजारी उत्साहाने एक मेलेला सकर दाखवायला घेऊन आला. ती चटकन मागे सरली आणि त्याला दूरच थांबायला सांगितले. मीही आदल्या दिवशी असा मासा हाताळला होता, म्हणून तिने मला बाटल्यांना हात लावू दिला नाही. ज्या मुलीला मी काचपट्टी धरायला शिकवले, तिने मला तळ्याच्या काठावर हात मागे बांधून उभे केले. मला ते आवडले.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. तीनपैकी दोन बाटल्यांत सकरची खूण होती, तिसरीत नव्हती, आणि चौथी, शुद्ध पाण्याची, कोरी निघाली. जाळ्यात मासे येतच होते, तेव्हा निकाल नवा नव्हता. पण तळ्यातून पाणी ज्या ओहळाने नदीकडे जाते तिथली ती तिसरी बाटली. तिथे अजून खूण नाही. “नाही म्हणजे नक्की नाही असं नाही, सर,” ती म्हणाली. “पण निदान उशीर झाला असं म्हणता येत नाही.”

मग मी तो प्रश्न विचारला जो मला इतकी वर्षे विचारायचा होता. हे सगळे माझ्या त्या एका माशापासून झाले का? तिने सरळ उत्तर दिले. एकटा मासा प्रजा वाढवू शकत नाही. म्हणजे आणखी कुणीतरी, बहुधा अनेकांनी, सोडले असणार. कुणाचे कोणते, हे या तपासणीतून कळत नाही. मला दोष नाही असे पाणी म्हणाले नाही. दोष माझा एकट्याचा, असेही म्हणाले नाही. माझ्यासारखे दयाळू लोक गावात आणखी होते, एवढेच समजले. फोन ठेवताना ती म्हणाली, “आणि सर, ते नऊ गुण परत घ्या.”

त्या संध्याकाळी मी शेजाऱ्याच्या घरी जाऊन बादलीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला की त्याच्या मुलानेही घरच्या टाकीतला एक तिथेच सोडला होता.

मित्रहो, आता भाषेविषयी, कारण ही भाषेची अकादमी आहे.

आपण म्हणतो, तळ्यात सकर ‘आला’. नदीत जलपर्णी ‘आली’. मराठीत हे वाक्य किती सहज होते! पण मासा सात समुद्र ओलांडून आपण होऊन आला नाही. तो आणला, विकला, विकत घेतला आणि सोडला. ही चारही क्रियापदे माणसाची आहेत. आपल्या वर्तमानपत्रांतून, पाठ्यपुस्तकांतून, निबंधांतून हा कर्ता लपतो, आणि कर्ता लपला की जबाबदारीही लपते.

दुसरा शब्द ‘परका’. गोव्यात ‘भायले’ हा शब्द कसा आणि कुणासाठी वापरला जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मी वर्गात ‘भायले मासे’ असे कधी म्हणत नाही. शास्त्रही दोन गोष्टी वेगळ्या मानते: बाहेरून आलेला तो परस्थ, आणि आल्या ठिकाणची घडी मोडणारा तो आक्रमक. प्रत्येक परस्थ आक्रमक नसतो. मिरची आणि काजू पोर्तुगिजांच्या काळात समुद्रापलीकडून आले. त्यांच्याशिवाय आपले जेवण आणि आपला मे महिना ओळखू येणार नाही. उलट आपली साळुंकी १८६२ साली मेलबर्नला नेली, आणि आज ऑस्ट्रेलियात ती उपद्रवी म्हणून पकडली जाते. अंगणातली साळुंकी तिथे आक्रमक. दोष तिच्या जातीत नाही. कुणी, कुठे, कशासाठी नेऊन सोडली यात आहे.

अमेरिकेत त्या माशांना ‘आशियाई कार्प’ म्हणत. आशियातून आलेल्या माणसांना त्या शब्दाचा त्रास होऊ लागला. मिनेसोटा राज्याने २०१४ साली सरकारी कामकाजातून तो शब्द काढला आणि २०२१ साली तिथल्या केंद्रीय वन्यजीव खात्यानेही ‘आक्रमक कार्प’ म्हणायला सुरुवात केली. माशाच्या नावावरून माणसाचा अपमान होऊ नये, इतका विचार त्यांनी केला. आपण मराठीत आता हे शब्द घडवत आहोत. सुरुवातीलाच नीट घडवले तर पुढे बदलावे लागणार नाहीत. आणि चंदेऱ्या आपल्याही देशात परस्थच आहे, हे विसरू नये. तो १९५९ साली जपानमधून आणला गेला आणि पुढे हिमाचलातल्या गोबिंदसागर जलाशयात शिरल्यावर तिथला कटला मागे पडला.

शेवटी दोन विनंत्या. शिक्षकांना: शाळेच्या टाकीतला मासा सुटीत दुकानात परत द्या, नाहीतर कुणाच्या घरी सांभाळायला द्या, तळ्यात सोडू नका, आणि का सोडू नये हे मुलांना त्या टाकीपुढेच सांगा. भूतदयेचा धडा तिथेही पुरा होतो. लेखक मित्रांना: पाण्यातल्या या न दिसणाऱ्या खुणांची गोष्ट मराठीत सोप्या शब्दांत यायला हवी. पागवाल्याला, पंचायतीच्या सदस्याला, आठवीच्या मुलीला वाचता येईल अशी. हे काम माझ्यासारख्या प्राणिशास्त्राच्या मास्तराला एकट्याला जमणारे नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ती पुन्हा येणार आहे. ओहळावरची तिसरी बाटली पुन्हा भरायची आहे. आमच्या शाळेच्या आठवीच्या मुलांना मी सोबत नेणार आहे. बादली नेणार नाही. हात मागे बांधून कसे उभे राहायचे, तेवढे मी त्यांना शिकवीन.